हेडबाई आणि गाठोड्या

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. तू मागितले नाहीस म्हणून मी ते राखून ठेवलेले नाहीत.

पत्र कामाचं आहे, तेव्हा घाबरू नकोस. तब्येती सगळ्यांच्या ठीक आहेत, कुणाचं लग्न नाही, कुणी रुग्णालयात नाही. फोनच केला असता, पण मी फोन केला की तू आंघोळीला गेलेला असतोस. सकाळी आंघोळ, भर दुपारी आंघोळ, रविवारी संध्याकाळी परत आंघोळ. तुझ्याइतका स्वच्छ माणूस त्या शहरात दुसरा नसेल. तुझी बायको चाचरत सांगते बिचारी, तिला खोटं बोलायची सवय नाही. तिला तरी यातून सोडव.

तर काम असं. पेपरातले आपले जुने संपादक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले. वयानं तुझ्याएवढेच असतील. जुन्यांच्या टेबलावर कागदांचे ढीग असायचे आणि आपली चित्रपट्टी त्यात दोनदा तरी हरवायची. यांच्या टेबलावर एक पेन आणि पाण्याचा पेला. अशा टेबलापुढे बसलं की आपणच पसारा आहोत असं वाटतं. म्हणाले, "बाई, तुमची पट्टी आमच्या घरी सगळे वाचायचे. आता सगळे बघतात."

मी म्हटलं, "बघतात ना? झालं तर."

"वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं," ते म्हणाले. "प्राणी दोन वर्षं गप्प आहेत. ते बोलणार असतील तर पट्टी चालू ठेवू. नाहीतर मार्चपासून त्या जागेत शब्दकोडं देऊ."

शब्दकोडं, धाकट्या! आपल्या जागेत आडवे-उभे शब्द!

तू सगळं विसरायचं ठरवलं आहेस असं दिसतं, म्हणून आठवण करून देते. पट्टीचं नाव 'हेडबाई आणि गाठोड्या'. हेडबाई मांजर, गाठोड्या कुत्रा, आणि दोघंही आपल्या घरातले. चित्रं माझी, शब्द तुझे. मी तीन चौकटी काढून बोलण्याचे फुगे रिकामे ठेवायची आणि कागद टेबलावरून तुझ्याकडे सरकवायची. तू फुगे भरून परत सरकवायचास. चहा गार व्हायच्या आत पट्टी तयार असायची. मग खरा गाठोड्या गेला. तू म्हणालास की आता पट्टीतलाही गेला पाहिजे. मी म्हटलं, नाही. आपल्या भांडणात एवढंच होतं, बाकी सगळा आवाज होता.

तुझी माफी नको, भेट नको, गोड बोलणंही नको. मला फुग्यांपुरते शब्द हवेत. हो की नाही ते एका ओळीत कळव.

हेडबाई बरी आहे. म्हातारी झाली, पण रुबाब तसाच आहे. गाठोड्याचं झोपायचं गोणपाट अजून दाराशी आहे. ती त्यावर पाय ठेवत नाही, दर वेळी वळसा घालून जाते.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

धाकट्या,

आंघोळ अजून चालूच आहे असं दिसतं.

बरं, तू नाही तर नाही. शब्द लिहिणारे तू एकटाच नाहीस. तुझे भावजी परवा म्हणाले, "एवढं काय त्यात, मी लिहितो." औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचणारा माणूस, त्याला फुगे भरणं काय अवघड? जेवण झाल्यावर चष्मा पुसून बसले. तासाभरानं गाठोड्याच्या तोंडी पहिलं वाक्य आलं: "आज हवा छान आहे, नाही का, हेडबाई?" आणि हेडबाई म्हणते: "होय, छान आहे." लिहून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसले, मी कधी हसते म्हणून. मी हसले. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं तरी येतं मला.

वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आठवतात? त्यांना कुठूनसं कळलं. त्यांनी जिन्यातच मला गाठलं आणि गाठोड्यानं रात्री दात घासले नाहीत तर काय होतं, यावर सबंध आठवड्याच्या पट्ट्या तोंडी ऐकवल्या. माझ्या हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवी जड होती.

शेवटी ह्यांचीच पट्टी घेऊन संपादकांकडे गेले. त्यांनी हवेबद्दलचं संभाषण वाचलं. नजर दुसरीकडे वळवायची म्हणून असेल, कागद हातात धरून म्हणाले, "हे फिकं निळं खोडायचं राहिलं का?" मी सांगितलं, खोडायचं नसतंच. आधी निळ्या पेन्सिलीनं चित्र काढायचं, मग त्यावर काळी शाई फिरवायची. छापखान्यातल्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. शाई तेवढी छापली जाते, निळं कागदावरच राहतं. त्यांनी कागद उजेडात धरून बघितला. म्हणाले, "म्हणजे आम्हाला दिसत नाही असं बरंच काही तुमच्या कागदावर असतं." माणूस वाटतो तेवढा कोरडा नाही. पण मार्च तो मार्च, असंही म्हणाले.

तुला एक गंमत सांगायची राहिली. मागच्या वर्षी मला बक्षीस मिळालं. शब्द नाहीत म्हणून! कुठल्याशा मंडळानं बोलावून एक जड पितळी पाटी दिली, आणि एक गृहस्थ पाऊण तास बोलले की बाईंनी प्राण्यांच्या मुखातून मानवी भाषा काढून घेण्याचं धाडस केलं आहे. मी मान हलवत होते. काय सांगणार? की धाडस वगैरे काही नाही, माझा भाऊ रुसला आहे? ती पाटी मी दाराला अडसर म्हणून लावते. चांगली जड आहे.

आणि हो, आपला मिक्सर बंद पडला म्हणून नवा घेतला. डब्यातलं माहितीपत्रक मी कधी वाचत नाही. हे वाचतात, आणि तेही मोठ्यानं. "झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये. दाबल्यास भिंत, छत व वापरकर्ता पुसून घ्यावा." माझ्या हातातला चमचा खाली पडला. डबा उलटा करून कंपनीचं नाव बघितलं, तर तुझीच, तू पत्रकं लिहितोस ती. अगदी पाठ आहे तो आवाज मला. छत पुसायला सांगणारा माणूस कोरडा पडलेला नाही, एवढं मला कळलं.

म्हणजे मिक्सरसाठी तुझ्याकडे शब्द आहेत, गाठोड्यासाठी नाहीत.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

संपादकांनी स्पर्धा जाहीर केली आहे. 'हेडबाई आणि गाठोड्या यांना बोलतं करा.' पेपरात माझी एक पट्टी रिकाम्या फुग्यांसकट छापली आणि वाचकांना सांगितलं की भरून पाठवा. सर्वांत चांगलं लिहील त्याला काम. मला न विचारता नाही, विचारून केलं. मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? तुझ्याकडून एक ओळ येत नाही, आणि मी कुणाच्या तोंडाकडे बघत बसू?

दोन गोण्या भरून आल्या. त्या माझ्याकडेच पाठवल्या. रोज सकाळी चहा घेऊन एक एक पाकीट फोडते. लोक किती प्रेमानं लिहितात आणि किती वाईट लिहितात! एकानं गाठोड्याला सिनेमातल्या नायकासारखं बोलायला लावलं आहे. एका मास्तरांनी त्याच्या तोंडी स्वच्छतेवर आठ ओळींचं भाषण दिलं आहे. आठ ओळी! गाठोड्या उभ्या जन्मात एवढं बोलला असेल का? आणि सगळ्यांनी त्याला हुशार केलं आहे. टोमणे मारणारा, हजरजबाबी. अरे, गाठोड्या हजरजबाबी नव्हता. त्याला वाटायचं की आपण घरात फार उपयोगी आहोत, एवढंच. हे कुणाला कळत नाही.

जुनी कात्रणं काढून बसले. तुझी ती बुटांची पट्टी. हेडबाई विचारते, "हे बूट कुणी चावले?" आणि गाठोड्या म्हणतो, "एकच चावला. दुसरा तुझा." ती पाहुण्यांची. "पाहुण्यांवर भुंकलास?" "ओळख करून दिली." आणि माझी सर्वांत आवडती, हेडबाईच्या खुर्चीची. "माझ्या जागेवर का बसलास?" "ऊब ठेवतोय."

एका वाक्यात तीनपेक्षा जास्त शब्द त्याला द्यायचे नाहीत, हा तुझा नियम. अडून बसायचास अगदी. आणि हेडबाईला मात्र भरपूर, कारण हेडबाई म्हणजे मी. तू कधी कबूल केलं नाहीस, पण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीतल्या शाळेच्या शिपायानंसुद्धा मला एकदा "या हेडबाई" म्हटलं होतं.

आणखी एक सांगते. गाठोड्याचा फाटका कान उजवा होता. माझा हात पडतो तो डावीकडे. तू प्रत्येक कागदाच्या कडेला लिहायचास: 'कान.' फक्त एवढंच. मी चिडायची आणि दुरुस्त करायची. तू गेल्यापासून कान वाटेल तिकडे जातो. मागच्या महिन्यात सोमवारी उजवा, मंगळवारी डावा. एका वाचकाचंही पत्र आलं नाही. पेपरवाले लाखभर छापतात आणि एकाला दिसत नाही की या कुत्र्याचा कान रात्रीतून बाजू बदलतो.

तू म्हणाला होतास, "ताई, तो गेला. आता त्याला बोलायला लावू नकोस. मला त्याचा आवाज काढता येत नाही." मी म्हटलं होतं, नाटकं करू नकोस. त्यावर तू काय म्हणालास आणि मी काय म्हणाले ते लिहीत नाही, आपल्या दोघांनाही ते पाठ आहे. पण मला एक सांग. हेडबाईचा आवाज तर काढता येत होता ना? ती तर जिवंत आहे. मी जिवंत आहे. मग आम्हाला का गप्प केलंस?

मला काही फरक पडत नाही. शब्दकोडं तर शब्दकोडं.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. राग खरा होता, म्हणून परत घेत नाही. पण शेवटची ओळ खोटी होती. मला फरक पडतो.

स्पर्धेत मी कुणालाच पहिलं केलं नाही. संपादकांना तसं कळवलं. ते म्हणाले, "मग शेवटचा आठवडा काढा, निरोपाचा. वाचकांना सांगून बंद करू." चांगलं बोलले, खेकसले नाहीत. मी हो म्हणून आले आणि घरी येऊन तासभर पेन्सिलींना टोक करत बसले. आता घरात एकही बोथट पेन्सिल नाही.

तेव्हा तू विचारलं होतंस की एवढा कसला हट्ट आहे तुझा, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. कारण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. आता काही अंशी कळतंय, ते लिहिते.

त्या दिवशी तू गाठोड्याला टॅक्सीत घालून नेलंस. आपल्याला दोघांनाही वाटलं होतं की पोट बिघडलंय, गोळी देतील आणि सोडतील. दारातून जाताना त्यानं नेहमीसारखं गोणपाट तोंडात धरलं आणि तू ते सोडवून ठेवलंस. मी टेबलाशी होते. मी म्हटलं, "येताना दूध आण." तू संध्याकाळी आलास तो हातात पट्टा घेऊन, आणि दूधही आणलं होतंस. तो तिथेच गेला, आणि घरी आणायचा त्रास नको असं डॉक्टर म्हणाले म्हणून दवाखान्याच्या मागच्या अंगणात पुरलं, असं तू म्हणालास. चांगलंच केलंस. त्यात तुझी काही चूक नाही, माझीही नाही. पण तू त्याला गेलेला पाहिलास. मी पाहिला नाही. मी त्याला दारातून बाहेर जाताना पाहिला, शेपटी हलवत. माझ्यापुरता तो डॉक्टरकडे गेला आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसले आणि तो पेन्सिलीतून आला, रोजच्यासारखा. त्याला नाही कसं म्हणू? तुला मी दगड वाटले असेन. मला तू वाटलास. तू त्याला पुरून आला होतास आणि मी तुला सांगत होते की लवकर फुगे भर, छापखान्याचा माणूस येईल.

असो. सोबत सहा कागद पाठवते, शेवटच्या आठवड्याचे. सगळं निळ्या पेन्सिलीत आहे, शाई फिरवलेली नाही. तुझे शब्द किती जागा घेतील ते कळल्याशिवाय मी शाई लावत नाही, ही आपली जुनीच पद्धत. दोघांचेही फुगे ठेवले आहेत. चित्रात विशेष काही नाही. दार, बूट, पाहुणे, खिडकी, हे दोघं जेवताना, आणि गोणपाट. नेहमीचंच घर.

तुला जमलं तर भर. नाही जमलं तर कागद परत पाठव, कोरे छापू. पण पाठव नक्की, त्यांच्या नकला नाहीत माझ्याकडे.

बायकोला सांग, फोनवर तिनं घाबरायचं कारण नाही. मी काही खात नाही तिला.

तुझी ताई


१ मार्च, सकाळी

धाकट्या,

कागद पोचले. पाकिटात चिठ्ठी नाही, चार अक्षरं नाहीत. बरं, तुझी मर्जी.

पण हे काय आहे? हेडबाईचे फुगे भरलेस आणि गाठोड्याचे तसेच सोडलेस. सहाच्या सहा कागदांवर! असं अर्धवट काम करायचं होतं तर घेतलंस कशाला? मी तुला इतकं सगळं लिहिलं, जे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, आणि तू आपला हट्ट तसाच धरून बसलास. उद्या सकाळी छापखान्याला कागद द्यायचे आहेत. आता त्याचे फुगे मी भरू? माझ्या हातून 'आज हवा छान आहे' च्या पुढे जाणार नाही.

उरलेलं जेवल्यावर लिहिते. आता लिहिलं तर फार लिहीन.


दुपारी

जेवताना हे म्हणाले, "बघू तरी काय लिहिलंय." कागद दिले. मिक्सरच्या पत्रकासारखे मोठ्यानं वाचायला लागले, एकामागून एक, सपाट आवाजात.

सोमवार, दार. "कुणी आलेलं नाही. तरी मी बघून घेते."

मंगळवार, बूट. "दोन्ही बूट शाबूत आहेत. घर कसंतरीच दिसतं."

बुधवार, पाहुणे. "पाहुणे येऊन गेले. ओळख करून द्यायला कुणी नव्हतं."

इथे हे थांबले आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "यात कुत्रा कुठे आहे?"

मी म्हटलं, "हा काय समोर, चष्मा लावलाय ना?"

"चित्रात आहे," हे म्हणाले. "बोलण्यात नाही. ही एकटीच बोलते आहे."

मी कागद त्यांच्या हातातून घेतले आणि परत पहिल्यापासून वाचले. गुरुवार, खिडकी. "हे लोक आता मला सगळं सांगतात. मला काय कळतंय?" शुक्रवार, जेवण. "तुझ्या वाटणीचं मी खाल्लं नाही. बघितलं फक्त." शनिवार, गोणपाट. तीन चौकटी, पहिल्या दोन रिकाम्या. हेडबाई वळसा घालते, हेडबाई थांबते, आणि तिसऱ्या चौकटीत, जिथं मी तिला गोणपाटाच्या कडेला बसवली आहे, तिथं तू लिहिलंस: "ऊब ठेवतेय."

धाकट्या, मी रडले. भांडी घासायची राहिली, हे उठून घासायला लागले आणि एक कप फोडला. तरी मी उठले नाही.

मला वाटत होतं की तू मला गप्प केलंस. तू तर माझंच लिहून पाठवलंस. मी दोन वर्षं जे करते आहे ते. बघत बसते, जागा धरून ठेवते, आणि त्याच्याशी बोलायचं ते बोलत नाही. तुला हे तिकडे बसून कसं कळलं, मला सांग.

आणि बुधवारच्या कागदावर, कडेला, अगदी बारीक: 'कान.'

तू त्याच्या तोंडी शब्द घातला नाहीस, पण त्याला नीट बघितलास. मला हे सकाळी दिसलंच नव्हतं. रागात कडा कोण बघतं?

आता मला कळलं आहे काय करायचं ते. टेबलाशी बसते. उजेड आहे तोवर शाई फिरवून होईल.

ताई


१० मार्च

प्रिय धाकट्या,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी खरंच आंघोळीला गेले होते. ह्यांनी तसं सांगितलं तर म्हणे तू हसलास, विश्वास बसला नाही तुझा. नकोच बसू दे. पण फोनवर दुसरं काय म्हणालास ते ह्यांना नीट सांगता येईना. "बरं वाटलं, असं काहीसं म्हणाला," एवढंच. आणि तिकडे आपला पेपर एक दिवस उशिरा मिळतो, हे सांगितलंस म्हणे. म्हणजे तू तो घेतोस. रोज घेतोस का? बरं, नाही विचारत.

झालं ते क्रमानं सांगते. मी शाई फक्त हेडबाईवर फिरवली. दार, बूट, खिडकी, पाहुण्यांचे पाय, गोणपाट, सगळ्यावर. गाठोड्यावर नाही. त्याच्या फुग्यांवरही नाही. तो निळ्या पेन्सिलीतच राहू दिला, सहाही कागदांवर. हात सवयीनं त्याच्या पाठीवरून जायला लागायचा आणि मी तो उचलायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातले कॅमेरावाले काका स्वतः जिना चढून वर आले, गुडघे दुखतात तरी. त्यांना वाटलं मी विसरले. कागद पुढे करून म्हणाले, "बाई, कुत्र्याला शाई लावायची राहिली. असा फोटो काढला तर तो येणार नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"अहो, पण मग ही मांजर कुणाशी बोलतीय?"

"त्याच्याशीच."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग दाराशी पडलेल्या गोणपाटाकडे बघितलं. वर्षानुवर्षं कागद न्यायला यायचे तेव्हा गाठोड्या त्यांच्या चपला पळवायचा. "काढतो मग असाच," म्हणाले आणि चहा न घेता गेले. गोणपाट ओलांडून नाही, वळसा घालून.

पेपरात तू बघितलंसच. दार आहे आणि दाराशी कुणी नाही. बूट आहेत. हेडबाई बोलते आहे, आणि जिथं तो असायचा तिथं कोरी जागा. शनिवारी संपादकांचा फोन आला. म्हणाले, "कुत्रा परत येणार आहे का?" मी म्हटलं, "नाही. तो गेला." मी हे पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. ते म्हणाले, "मांजर बोलत राहणार असेल तर शब्दकोड्याला दुसरी जागा बघतो." मी सांगितलं, भावाला विचारून कळवते. तर विचारते आहे. हेडबाईचे फुगे आहेत, एकटीचे. भरशील का? घाई नाही, पण छापखान्याचा माणूस सोमवारी येतो.

जमलं तर इकडे येऊन भर. टेबलाची तुझी बाजू रिकामी आहे, ह्यांनी त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली होती, ती मी हलवली. बायकोलाही आण. मिक्सर नवा आहे, झाकण लावूनच बटण दाबते.

इकडच्या खऱ्या हेडबाईची बातमी अशी की ती अजून वळसाच घालते. चित्रात बसली म्हणून घरात बसेल असं नाही. तिला कुणी सांगायचं?

सोबत ते सहा कागद पाठवते, मूळ. पेपरात तो कुणालाच दिसला नाही, पण कागदावर तो सगळीकडे आहे. तू एकट्यानं त्याला शेवटचं पाहिलंस, तेव्हा हे तुझ्याकडे असू देत. बुधवारचा कान मी दुरुस्त केला आहे, आणि मग बाकीचे पाचही तपासले. आता सगळीकडे उजवाच आहे. बघून घे.

तुझी,
ताई